प्राणिप्रेमी घराने पडद्यावर काय लावावे, आणि ते कसे पाहावे

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात मार्चच्या अखेरीपासून दुपारी घराबाहेर पडणे अवघड होते, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेला की सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच हा सगळा वेळ दारे लोटून, कूलर लावून घरातच काढावा लागतो. मुलांना सुट्ट्या असतात, आते-मामेभावंडे मुक्कामाला आलेली असतात, आणि ज्या घरात कुत्रा-मांजर आहे, गोठ्यात म्हैस आहे किंवा निदान गच्चीवर चिमण्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवलेले आहे, त्या घरात ‘प्राण्यांचे काहीतरी लावा’ ही मागणी हमखास होते. लावणाऱ्याला पोस्टरवर कुत्रा किंवा हत्ती दिसला की तो तोच चित्रपट सुरू करतो. तासाभराने लहान मूल रडत उठून जाते, आजी चष्मा काढून डोळे पुसू लागते, आणि हे लावले नसते तर बरे झाले असते, असे सगळ्यांना वाटते. थोडी पूर्वतयारी केली तर हे टाळता येते. शिवाय चांगले निवडून पाहिले, तर अंगणातल्या आणि शिवारातल्या जनावरांकडे पाहण्याची नजरही तयार होते, हा माझा अनुभव आहे.

आधी शेवट जाणून घ्यावा

रहस्यपटाचा शेवट आधी कळला तर गंमत जाते, हे खरे. पण प्राण्यावरच्या चित्रपटाचा शेवट घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला ठाऊक असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. प्राणी शेवटपर्यंत जगतो का, मेला तर कशाने मरतो, आणि त्याचा छळ पडद्यावर उघडपणे दाखवला आहे का, एवढे तरी आधी विचारून घ्यावे. मारामारीत माणसे पडताना निवांत पाहणारी मुले कुत्र्याच्या नुसत्या लंगडण्याने कासावीस होतात, कारण मुक्या जिवाला आपले दुखणे सांगता येत नाही हे त्यांना नेमके कळत असते. इंग्रजी चित्रपटांसाठी ‘डझ द डॉग डाय’ नावाचे एक संकेतस्थळ आहे. कोणत्या चित्रपटात प्राण्याचे काय होते हे तेथे प्रेक्षकच नोंदवून ठेवतात. हिंदी-मराठी चित्रपटांसाठी मात्र आधी पाहिलेल्या माणसाला विचारणे किंवा मुले झोपल्यावर स्वतः शेवटची वीस मिनिटे पाहून घेणे, हाच खात्रीचा मार्ग आहे.

‘हाथी मेरे साथी’ या 1971 सालच्या चित्रपटाचे उदाहरण घ्या. राजेश खन्ना, चार हत्ती आणि गाणी एवढेच आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांना आठवते, म्हणून ते नातवंडांसाठी हौसेने तो लावतात. पण त्यात रामू हत्ती आपल्या माणसाला वाचवताना गोळी लागून मरतो, आणि त्यानंतर मोहम्मद रफींच्या आवाजातले जे गाणे येते ते ऐकून मोठ्यांचाही गळा दाटतो. सहा-सात वर्षांखालच्या मुलांसाठी तो चित्रपट रामूच्या मृत्यूच्या आधी थांबवणे मला योग्य वाटते. ‘777 चार्ली’ हा 2022 सालचा मूळ कन्नड चित्रपट हिंदीतही उपलब्ध आहे. धर्मा नावाच्या एकलकोंड्या, चिडक्या माणसाच्या दारात एक लॅब्राडोर कुत्री येते आणि हळूहळू त्याचे आयुष्य बदलते, अशी ही गोष्ट आहे. कुत्री विकण्यासाठी पिल्लांची अघोरी पैदास करणाऱ्यांवर त्यात थेट बोट ठेवले आहे, म्हणून तो आवर्जून पाहावा असे मी म्हणेन. मात्र तो पावणेतीन तासांच्या आसपास चालतो, त्यात आजारपण आहे आणि त्याचा शेवट हलका नाही. नुकताच ज्या घरातला कुत्रा गेला आहे, त्या घराने तो वर्षभर तरी बाजूला ठेवावा.

‘हाची’ या 2009 सालच्या इंग्रजी चित्रपटाबाबतही असेच सांगावे लागते. त्याचा आधार असलेली घटना जपानमधली आहे. टोकियोच्या शिबुया स्थानकावर रोज आपल्या प्राध्यापक मालकाला घ्यायला जाणारा अकिता जातीचा हाचिको नावाचा कुत्रा, 1925 साली मालक वारल्यानंतरही 1935 साली स्वतः मरेपर्यंत त्याच स्थानकावर वाट पाहत राहिला. ही हकिगत मुलांना आधी गोष्टीसारखी सांगावी आणि मग चित्रपट लावावा. शेवटाचा धक्का गेलेला असला की मुले कुत्र्याच्या वागण्याकडे लक्ष देतात, प्रश्न विचारतात, आणि रडली तरी त्या रडण्याला भीतीची धार राहत नाही.

माहितीपट म्हणजे निर्धास्त, असेही समजू नये. ‘अवर प्लॅनेट’ या 2019 सालच्या मालिकेत रशियाच्या किनाऱ्यावरचे वॉलरस हे सुळेवाले, अवजड समुद्री प्राणी उंच कड्यांवरून कोसळून मरताना दिसतात. ती दृश्ये इतकी जिव्हारी लागणारी होती, की कोणत्या भागात कितव्या मिनिटाला डोळे मिटावेत हे नेटफ्लिक्सनेच प्राणिप्रेमी प्रेक्षकांसाठी जाहीर केले होते. मुलांपासून मृत्यू पूर्णपणे लपवावा, असे मात्र मी म्हणणार नाही. शेतकरी घरातल्या मुलांनी गोठ्यातले मरण पाहिलेले असते. वाघिणीने हरिण धरले की मूल घाबरते, पण तिची पिल्ले दोन दिवसांची उपाशी आहेत हे सांगितले की त्याला ते उमजते. माणसाने केलेल्या क्रौर्याचे तसे नसते. ते मुलाला उमजत नाही आणि उमजण्याची घाईही नसावी. शिकार पाहू द्यावी आणि छळ टाळावा, अशी सीमारेषा मी घरात आखून घेतली आहे.

सुरुवात छोट्या माहितीपटापासून

ज्या घराला माहितीपट पाहण्याची सवय नाही, तेथे पहिल्याच दिवशी आठ भागांची मालिका लावली तर अर्धे घर झोपी जाते. सुरुवातीला ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ लावावा. तो जेमतेम चाळीस मिनिटांचा आहे. कार्तिकी गोन्साल्विस यांनी दिग्दर्शित केलेल्या या माहितीपटाला 2023 साली ऑस्कर मिळाले. तमिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात, थेप्पकाडू येथील हत्तींच्या तळावर बोम्मन आणि बेल्ली हे जोडपे रघू नावाच्या अनाथ पिल्लाला वाढवते, एवढाच त्याचा विषय आहे. बोलणे तमिळमध्ये आहे, पण दूध पाजणे, अंघोळ घालणे, ओरडणे आणि लगेच कुरवाळणे यांसाठी भाषा लागत नाही. रघू खाण्यावरून हट्ट करतो तेव्हा बेल्ली त्याला ज्या सुरात समजावते, तो सूर आपल्याकडच्या कोणत्याही माउलीचा आहे.

आमच्याकडे हा माहितीपट लावला तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्क बाईंनी पहिल्या काही मिनिटांतच अहिराणीत विचारले, “तेनी माय कोठे शे?” रघूची आई विजेच्या धक्क्याने मेली, हे सांगितल्यावर त्यांना अधिक काही समजावून सांगावे लागले नाही. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी कुंपणाच्या तारेत वीज सोडण्याचे प्रकार आपल्या भागातल्या शेतकरी घरांना माहीत आहेत, आणि त्या तारेला रानडुकराखेरीज दुसरे जनावर, प्रसंगी माणूसही, चिकटतो हेही माहीत आहे. अशा वेळी चित्र थांबवून चार वाक्ये बोलून घ्यावीत. चांगल्या माहितीपटाचा अर्धा उपयोग या थांबण्यात आहे.

‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा शौनक सेन यांचा माहितीपट लांबीने दीड तासाहून थोडा अधिक आहे आणि गतीने संथ आहे, त्यामुळे तो मुलांसाठी नाही. पण घरातल्या मोठ्यांनी तो संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात अवश्य पाहावा. दिल्लीतल्या एका तळघरात नदीम आणि सौद हे दोन भाऊ जखमी घारींवर उपचार करतात. त्यातल्या कितीतरी घारींचे पंख पतंगाच्या मांजाने कापलेले असतात. 2022 साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. बोलणे हिंदुस्थानीत आहे, त्यामुळे समजायला अडचण नाही. संक्रांतीला आपल्याकडेही गच्च्या भरतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 सालीच देशभर बंदी घातलेली असूनही तो चोरून विकला जातो आणि बगळ्यांपासून कबुतरांपर्यंत अनेक पक्षी विजेच्या तारांवर त्यात अडकून लोंबतात. टेबलावर ठेवलेल्या घारीचा पंख बोटांनी हलकेच उलगडून, हाड मोडले आहे की नुसता स्नायू कापला आहे, हे तो भाऊ तपासतो, ते दृश्य पाहिलेला माणूस पुढच्या संक्रांतीला मुलाच्या हातातली फिरकी एकदा तरी तपासून पाहील.

‘माय ऑक्टोपस टीचर’ हा 2020 सालचा माहितीपट त्यानंतर घ्यावा. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या समुद्री वनस्पतींच्या जंगलात क्रेग फॉस्टर रोज बुडी मारून एका मादी ऑक्टोपसला भेटतो. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या आपल्या माणसांना हा प्राणी आधी विचित्र वाटतो, मग शार्कने तिचा एक हात तोडल्यावर तो पुन्हा उगवताना पाहून नवल वाटते. ऑक्टोपसचे आयुष्य मुळातच वर्षा-दीड वर्षाचे असते आणि अंडी जपता जपता मादी मरते, हे मुलांना आधीच सांगून ठेवले तर शेवट सोसतो.

मराठीत काय आहे

मराठीत या विषयावर थोडेच चित्रपट आहेत, पण जे आहेत त्यांतले काही खानदेशातल्या प्रेक्षकाला कोणत्याही परदेशी मालिकेपेक्षा जवळचे वाटतील. मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ 2008 साली आला. जखमी होऊन कामाला निरुपयोगी झालेला बैल विकावा लागणार, हे बापाला पटलेले आहे आणि लहान टिंग्याला ते पटत नाही. कर्ज, पेरणीचा हंगाम आणि बैलावरची माया यांतला हा पेच पोळ्याला बैलाची शिंगे रंगवणाऱ्या घराला समजावून सांगावा लागत नाही. टिंग्याची भूमिका करणाऱ्या शरद गोयेकरला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. या चित्रपटात बापाला खलनायक केलेले नाही, हे मला त्याचे सर्वांत मोठे बळ वाटते. प्राण्यांवर प्रेम करणाऱ्या शहरी माणसाने तो याच कारणासाठी पाहावा, कारण जनावर विकणाऱ्या शेतकऱ्याला निर्दयी ठरवण्याची घाई त्यानंतर होत नाही.

सुजय डहाके यांचा ‘आजोबा’ हा 2014 सालचा चित्रपट एका खऱ्या बिबट्यावर आधारलेला आहे. अहमदनगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरमध्ये, विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला 2009 साली बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. तेथून तो शंभर किलोमीटरांहून अधिक चालत, शेते, रेल्वेमार्ग आणि महामार्ग ओलांडत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. विद्या अत्रेया यांच्या संशोधनातून ही हकिगत पुढे आली आणि चित्रपटातली संशोधिका ऊर्मिला मातोंडकर यांनी साकारली आहे. चित्रपट म्हणून तो काही ठिकाणी रेंगाळतो, हे मान्य करावे लागेल. पण चाळीसगाव, यावल, रावेरकडच्या केळीच्या आणि उसाच्या शेतांत बिबट्या दिसल्याची बातमी आली की गावात जी घबराट उठते, तिच्यावर या विषयाची माहिती हाच उतारा आहे. इतके अंतर चाललेल्या त्या बिबट्याने वाटेत कोणावरही हल्ला केल्याची नोंद नाही, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. हिंदीतला ‘शेरनी’ हा 2021 सालचा चित्रपट याच प्रश्नाची दुसरी, कडू बाजू दाखवतो; तो दहावीच्या पुढच्या मुलांसोबत पाहून त्यावर बोलण्यासारखा आहे.

‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ हा नाना पाटेकरांचा चित्रपटही 2014 सालचाच. तो सर्वस्वी प्राण्यांवरचा नाही, पण हेमलकशाच्या त्या घरात बिबटे, अस्वले आणि माणसे ज्या सहजतेने वावरतात ते पाहण्यासाठी मुले तो पुन्हा लावायला सांगतात. तेथे मोठ्यांनी एक गोष्ट स्पष्ट करावी. शिकार झालेल्या प्राण्यांची पोरकी पिल्ले सांभाळण्यातून तो प्राणिपरिवार उभा राहिला. हौस म्हणून रानातला प्राणी घरी आणणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि पिंजऱ्यातला आपला साधा पोपटही त्या कायद्यातून सुटत नाही.

मालिका पाहताना कॅमेऱ्यामागचेही पाहावे

एकदा गोडी लागली की मालिकांकडे वळावे, आणि तेथे डेव्हिड ॲटनबरो यांच्या निवेदनाने सुरुवात करण्याला पर्याय नाही. 1926 साली जन्मलेल्या या माणसाने 1950 च्या दशकापासून निसर्गावरचे कार्यक्रम केले आहेत. ‘प्लॅनेट अर्थ’चा 2016 सालचा दुसरा संच घ्या आणि क्रम मोडून शहरांवरचा भाग आधी लावा. त्यात जोधपूरची वानरे आहेत आणि मुंबईत रात्री डुकरांची शिकार करणारे बिबटे आहेत. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यामुळे अंधारातला बिबट्या लख्ख दिसतो. ओळखीच्या देशातली दृश्ये आधी पाहिली की घर या मालिकेशी जोडले जाते, मग बर्फ, वाळवंट आणि बेटे खुशाल घ्यावीत. दिवसाला एकच भाग पाहावा. ओळीने तीन भाग पाहिले तर सगळे प्राणी डोक्यात एकमेकांत मिसळतात.

या मालिका पाहताना एक सावधपणा मुलांना शिकवण्यासारखा आहे. दूरच्या सुळक्यावरून मोठ्या भिंगातून टिपलेल्या पक्ष्याच्या पंखांची फडफड कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून ती आणि पावलांचे, चावण्याचे कितीतरी आवाज स्टुडिओत तयार केलेले असतात. त्याच संचातली, सापांच्या तावडीतून पळणाऱ्या, इग्वाना नावाच्या सरड्याच्या पिल्लाची धाव जगभर गाजली. ती वेगवेगळ्या चित्रणांतून जोडून केलेली होती, हे निर्मात्यांनी नंतर स्वतःच सांगितले. 2011 सालच्या ‘फ्रोझन प्लॅनेट’मधली ध्रुवीय अस्वलाच्या नवजात पिल्लांची दृश्ये प्राणिसंग्रहालयातली होती आणि त्यावरून ब्रिटनमध्ये मोठा वाद झाला. मला स्वतःला यांत गैर वाटत नाही. रानातल्या गुहेत कॅमेरा घुसवला असता तर अस्वलीण पिल्ले टाकून गेली असती. गैर वाटते ते वेगळेच. डिस्नेच्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ या 1958 सालच्या ऑस्कर मिळालेल्या माहितीपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी सामूहिक आत्महत्या करताना दाखवले होते. प्रत्यक्षात ते दुसरीकडून विकत आणले होते आणि चित्रीकरणासाठी माणसांनी पाण्यात ढकलले होते. कॅनडातील दूरचित्रवाणीच्या पत्रकारांनी 1980 च्या दशकात हे उघड केले, तरी लेमिंगच्या आत्महत्येची ती दंतकथा आजही लोक खरी मानतात. प्राण्याला त्रास झाला का आणि त्याच्याविषयी खोटे सांगितले का, या दोन कसोट्यांवर अशा प्रत्येक चित्रणाचा निवाडा करता येतो.

म्हणूनच भाग संपल्यावर शेवटी जोडलेला, चित्रीकरण कसे झाले हे सांगणारा तुकडा कधी चुकवू नये. 2018 सालच्या ‘डायनॅस्टीज’मध्ये सम्राट पेंग्विनांवर एक भाग आहे. वादळानंतर काही पेंग्विन पिल्लांसह बर्फाच्या खोल घळीत अडकले. निसर्गात हस्तक्षेप करायचा नाही, हा अशा चित्रण-चमूंचा जुना दंडक. पण येथे त्यांनी फावड्याने बर्फ खणून एक उतार तयार केला. पेंग्विनांना हात लावला नाही, हाकलले नाही. उतार दिसल्यावर पेंग्विन आपापले चढून वर आले. त्यांनी बरोबर केले का, हा प्रश्न घरात टाकून पाहावा. आमच्या घरी त्यावर झालेली चर्चा मालिकेपेक्षा लांबली, आणि शेळ्या पाळलेल्या शेजाऱ्यांचे म्हणणे पुस्तके वाचणाऱ्यांच्या म्हणण्याहून अधिक ठाम होते.

कथाचित्रपटांत जे प्राणी काम करतात, त्यांच्याबाबत आपल्याकडे कायदा आहे. 2001 च्या नियमांनुसार चित्रीकरणात प्राणी वापरायचा असेल तर नोंदणी आणि भारतीय प्राणी कल्याण मंडळाची संमती लागते. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळांसाठी शिकवून नाचवण्यावर 1998 सालीच बंदी आली. त्यामुळे अलीकडच्या हिंदी चित्रपटातला वाघ बहुतेक वेळा संगणकावर काढलेला असतो, आणि ते चांगलेच आहे. जुन्या चित्रपटांतले वाघ-अस्वले पाहताना मात्र, त्यांना कशी वागणूक देऊन ते काम करवून घेतले असेल, हा विचार मुलांसमोर मांडायला हरकत नाही.

मागणीला कसे उत्तर द्यावे

चित्रपट संपल्यावर ‘आपणही असाच कुत्रा आणू या’ हा हट्ट येतोच. अमेरिकेतल्या नोंदींवरून असे दिसून आले आहे, की एखाद्या जातीचा कुत्रा चित्रपटात गाजला की त्या जातीची मागणी कितीतरी वर्षे वाढलेली राहते. ‘लॅसी’ 1943 साली आला आणि पुढच्या दोन वर्षांत कॉली जातीच्या नोंदी सुमारे 40 टक्क्यांनी वाढल्या. आपल्याकडे बर्फातले चित्रपट पाहून हस्की आणि सेंट बर्नार्ड घेतले जातात. अंगावर लोकरीचा दुहेरी थर असलेल्या त्या जनावराला जळगावच्या उन्हाळ्यात ठेवणे म्हणजे त्याला रोज भट्टीत बसवणे आहे. एका खोलीत दिवसभर वातानुकूलन चालवून त्याला डांबून ठेवणे हाही उपाय नव्हे. हट्ट फारच असेल तर गल्लीतले, येथल्याच उन्हात वाढलेले गावठी पिल्लू आणावे, त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी, आणि मुलाने महिनाभर रोज पाणी-भाकरी दिली तरच पुढचा विचार करावा.

घरात कुत्रा आधीच असेल तर तोही टीव्हीसमोर येऊन बसतो. त्याला निळा आणि पिवळा हे रंग नीट दिसतात, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. जुन्या जाड टीव्हीवरचे चित्र त्याला लुकलुकताना दिसत असे, आताच्या पडद्यावर ते सलग दिसते, म्हणून हल्लीचे कुत्रे टीव्हीकडे अधिक लक्ष देतात. पडद्यावर कुत्रे भांडू लागले की आपला कुत्रा कान टवकारतो, भुंकतो आणि शेवटी टीव्हीच्या मागे जाऊन हुंगतो. त्याला दटावू नये. आवाज कमी करावा, आणि तरीही तो धापा टाकत येरझाऱ्या घालत राहिला तर त्याला दुसऱ्या खोलीत न्यावे. मांजर पक्ष्यांच्या दृश्यांवर झेप घेते, त्यामुळे पातळ टीव्ही भिंतीला पक्का ठोकलेला असावा. कूलरच्या घरघरीत निवेदकाचा आवाज बुडतो म्हणून आपण टीव्ही मोठा करतो आणि बिचाऱ्या कुत्र्याच्या कानांवर अत्याचार होतो. त्याऐवजी कूलर एक पायरी कमी करावा आणि पडद्याखालच्या संवादांच्या ओळी (सबटायटल्स) सुरू ठेवाव्यात. अशा मालिकांना मराठी निवेदन क्वचितच मिळते, म्हणून घरातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला त्या ओळी वाचून मराठीत, नाहीतर थेट अहिराणीत, सांगण्याचे काम द्यावे. त्याची भाषाही सुधारते आणि आजी-आजोबाही धरून राहतात. दुपारी लाइट जाण्याची शक्यता असेल तर हवा तो भाग आदल्या रात्रीच फोनवर उतरवून ठेवावा.

पडद्यावर न दिसणारेही थोडे पाहावे

एवढे पाहून झाल्यावर आपल्या भागातले काय, असा प्रश्न मुले विचारतात, आणि त्याचे उत्तर भरघोस आहे. रानपिंगळा हे लहानसे घुबड 1884 नंतर कोणत्याही शास्त्रज्ञाला सापडले नव्हते आणि ते नामशेष झाले असे धरले गेले होते. नोव्हेंबर 1997 मध्ये पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते पुन्हा सापडले ते नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ. सातपुड्याच्या पायथ्याचे यावल अभयारण्य 1969 पासून आहे. मुक्ताईनगरकडच्या वढोदा परिसरात वाघांचा वावर आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोड्यांवरचा चित्रपट पाहून गेलेले मूल तेथे घोड्याचे कान मागे वळलेले आहेत की पुढे, शेपटी दाबलेली आहे की मोकळी, एवढे पाहायला शिकले तरी पुष्कळ झाले.

सर्वांत सोपी सहल हतनूर धरणाची. हिवाळ्यात, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, पाणथळीत स्थलांतरित बदके आणि करकोचे उतरतात. सूर्योदयाला पोहोचता येईल असे निघावे, भडक रंगाचे कपडे टाळावेत, दुर्बीण एकच असेल तर ती आधी सर्वांत लहान मुलाच्या हाती द्यावी. पक्षी जवळ यावा म्हणून फोनवर त्याचा आवाज वाजवण्याची जी पद्धत पडली आहे, ती कटाक्षाने टाळावी. त्या आवाजाला प्रतिस्पर्धी समजून पक्षी खाणे सोडून त्याच्या मागे धावतो. फोनवर चित्रण करायचे असल्यास एका जागी बसून करावे, आणि घरी आल्यावर ते टीव्हीवर लावून पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पाहावे.